इटालियन वाईन घरी चाखायची कशी, आणि कशाबरोबर: तोरिनोतल्या माझ्या स्वयंपाकघरातून

इटलीतल्या तोरिनोत, म्हणजे ट्युरिनमध्ये, राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, लग्नाच्या वाढदिवसाला, मी बारोलोची एक बाटली आणली. एवढी महाग वाईन आम्ही तोपर्यंत कधी घेतली नव्हती. जेवायला सुक्कं मटण होतं, आईने पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्यातलं. पहिल्या घोटाला हिरड्या कोरड्या पडल्या. मटणाचा घास खाऊन दुसरा घोट घेतला, तर मिरचीचा जाळ दुप्पट झाला आणि तोंडात नुसता कडवटपणा राहिला. अर्धी बाटली तशीच पडून राहिली.

दोन वर्षांनी आमच्याच पिएमोन्ते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांमधल्या एका गावात शेजाऱ्यांच्या नातेवाइकांकडे जेवायला गेलो होतो. तिथेही बारोलोच होती, पण ताटात लोणी आणि परमेजान चीज घातलेला मशरूमचा रिझोत्तो, म्हणजे मऊ भात, होता. तोच तुरटपणा घासाबरोबर विरघळला, आणि मागे गुलकंदासारखा वास राहिला. वाईन तीच, ताट वेगळं. मला जे काही सांगायचं आहे त्याचं मूळ त्या जेवणात आहे: इटालियन वाईन ही जेवणाचा एक पदार्थ म्हणून घडलेली आहे. ती नुसती पिऊन तिच्याबद्दल मत बनवू नका. घोट, घास आणि पुन्हा घोट, अशीच ती कळते.

गेल्या आठ वर्षांत मी जसजशी शिकत गेले, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे. एवढं मात्र आधी सांगते. दारू अजिबात न पिणाऱ्याने वाईनसाठी सुरुवात करावी, असं मला मुळीच वाटत नाही. गरोदरपणात, औषधं चालू असताना आणि गाडी चालवायची असताना वाईन नको. इटलीत लायसन्स मिळाल्यापासून पहिली तीन वर्षं चालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंशही चालत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना हे बहुधा माहीत नसतं.

आधी काय काय जमवायचं

यादी छोटी आहे. महागडं काहीच लागत नाही.

- माणशी दोन ग्लास: साधे, पारदर्शक, उंच दांड्याचे, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते. दोन का, ते पुढे कळेल.
- वेटर वापरतात तसा घडीचा कॉर्कस्क्रू, ज्यात छोटी सुरी आणि बाटलीच्या कडेवर टेकवायची पट्टी असते.
- एक पांढरा कागद किंवा पांढरा टेबलक्लॉथ.
- थुंकायला एक खोलगट भांडं. इथल्या अभ्यासवर्गात ते प्रत्येक टेबलावर असतं. सहा वाईन चाखून डोकं शुद्धीवर ठेवायचं असेल तर ते लागतंच.
- साधं पाणी, आणि मीठ-मसाला नसलेला ब्रेड. तोरिनोत आम्ही ग्रिस्सिनी घेतो, म्हणजे पावाच्या बारीक कुरकुरीत काड्या. त्या याच शहरातल्या.
- वही.
- चवींच्या प्रयोगासाठी लिंबू, मीठ, मध, लाल मिरचीची भरड, ऑलिव्ह तेल आणि परमेजानचा तुकडा.

शाकाहारी वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते, कारण मला त्या खूप उशिरा कळल्या. परमेजान म्हणजे पार्मिज्यानो रेज्ज्यानो, आणि तसंच ग्राना पादानो, ही चीज बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. ते चालत नसेल तर पाकिटावर ‘काल्यो व्हेजेताले’ असं लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्या. दुसरी गोष्ट वाईनचीच. ती नितळ करण्यासाठी कधी अंड्याचा पांढरा भाग, कधी दुधातलं प्रथिन, तर कधी माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. अंड्याचा किंवा दुधाचा अंश उरला असेल तर लेबलवर लिहावंच लागतं. माशाच्या पदार्थाला मात्र ही सक्ती नाही. पूर्ण खात्री हवी असेल तर ‘व्हेगानो’ लिहिलेली बाटली शोधा. तशा बाटल्या आता सहज मिळतात.

पायरी १: सहा बाटल्या निवडा, बारोलो सोडून

इटलीत २० प्रांत आहेत आणि द्राक्षाचे शेकडो वाण. सगळं एकदम समजून घ्यायला गेलात तर पहिल्याच आठवड्यात दमून जाल. माझ्या मते सुरुवातीला या सहा पुरतात:

१. कोनेल्यानो व्हाल्दोब्ब्यादेनेची प्रोसेक्को. फेसाळ पांढरी, ‘ब्रुत’ म्हणजे कमी साखरेची.
२. सोआव्हे क्लास्सिको. व्हेरोनाजवळची पांढरी, गार्गानेगा वाणाची.
३. मोस्कातो दास्ती. गोड, किंचित फेसाळ, अल्कोहोल साधारण ५ टक्के.
४. बार्बेरा दाल्बा. लाल, बार्बेरा वाणाची.
५. किआन्ती क्लास्सिको. लाल, यात किमान ८० टक्के सांजोव्हेझे वाण असतो.
६. लांगे नेब्बिओलो. लाल, नेब्बिओलो वाणाची.

शेवटची बाटली बारोलोऐवजी आहे. बारोलोही नेब्बिओलोचीच, पण तिला कापणीनंतर किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. त्यामुळे किंमत चढते, आणि तरुण असताना ती फार कडक लागते. लांगे नेब्बिओलो त्याच टेकड्यांवरून येते, लवकर पिता येते आणि साधारण निम्म्या किमतीत मिळते. वाण ओळखायला तीच बरी.

खरेदीसाठी शक्यतो ‘एनोतेका’त, म्हणजे वाईनच्या दुकानात जा. दुकानदाराला तीन गोष्टी सांगा: काय शिजवणार आहात, किती खर्चाची तयारी आहे आणि किती माणसं आहेत. ‘चांगली वाईन द्या’ एवढंच म्हणालात तर तोही अडचणीत पडतो. ‘शुक्रवारी वांग्याची पार्मिज्याना करणार आहे, बारा युरोपर्यंत काय घेऊ?’ असं विचारलं की त्याचा चेहरा खुलतो.

महाराष्ट्रात राहून यातलं काही चाखायचं असेल तर एक वाट सोलापूर जिल्ह्यातून जाते. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या मळ्यात तोस्कानाचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली सांजोव्हेझे लावली गेली. तिथली सांजोव्हेझे आणि एखादी किआन्ती शेजारी ठेवून चाखा. वाण एकच असताना माती आणि ऊन किती फरक करतात, हे त्यातून कळतं.

पायरी २: लेबल वाचायला शिका

मानेजवळची पट्टी आधी बघा. डीओसीजी दर्जाच्या बाटलीवर क्रमांक छापलेली सरकारी कागदी पट्टी असते. डीओसी हा दर्जा १९६३च्या कायद्याने आला. त्याच्या वरचा डीओसीजी पहिल्यांदा १९८०मध्ये बारोलो आणि ब्रुनेल्लो दी मोन्तालचीनो यांसारख्या मोजक्या वाइन्सना मिळाला. हे दर्जे सांगतात की वाईन कुठली आहे, कुठल्या द्राक्षांची आहे आणि ठरलेल्या नियमांनी केली आहे. ती तुम्हाला आवडेल की नाही, हे ते सांगत नाहीत. आयजीटी, म्हणजे सैल नियमांचा दर्जा, लिहिलेल्या कितीतरी बाटल्या डीओसीजीपेक्षा महाग असतात.

नियमांना इथे एवढं महत्त्व का, ते बार्बेराच्या इतिहासात दिसतं. १९८६मध्ये याच पिएमोन्ते प्रांतात स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळलं गेलं आणि २३ माणसं दगावली. बार्बेरावरचा लोकांचा विश्वासच उडाला. त्याच काळात रोक्केत्ता तानारोच्या जाकोमो बोलोन्या यांनी बार्बेरा छोट्या फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवून दाखवली आणि या गरीब समजल्या जाणाऱ्या द्राक्षाला मान मिळवून दिला. आज दहा युरोत मनापासून आवडावी अशी बार्बेरा मिळते, त्यामागे असे कष्ट आहेत.

लेबलावर हमखास फसवणारी ठिकाणं अशी:

‘एक्स्ट्रा ड्राय’ प्रोसेक्को ही ‘ब्रुत’पेक्षा गोड असते. ब्रुतमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये त्याहून जास्त. नाव ऐकून उलटं वाटतं आणि जवळजवळ प्रत्येक नवखा इथे चुकतो.

‘मोन्तेपुल्च्यानो’ हे अब्रुत्सो प्रांतात पिकणाऱ्या द्राक्षाचं नाव आहे, आणि तोस्कानातल्या एका गावाचंही. ‘मोन्तेपुल्च्यानो दाब्रुत्सो’ त्या द्राक्षाची. ‘व्हीनो नोबिले दी मोन्तेपुल्च्यानो’ त्या गावची, आणि ती मुख्यतः सांजोव्हेझेची.

‘किआन्ती’ आणि ‘किआन्ती क्लास्सिको’ या दोन वेगळ्या डीओसीजी आहेत. क्लास्सिको फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या जुन्या पट्ट्यातली, बाटलीवर काळा कोंबडा असलेली. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, या पट्ट्याची हद्द १७१६मध्येच आखून दिली होती.

‘रिझेर्व्हा’ म्हणजे जास्त काळ मुरवलेली. साध्या पिझ्झाबरोबर ती उलट जड होते.

पायरी ३: थंड किती, आणि उघडायची कशी

लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हे वाक्य दगडी भिंतींच्या थंड घरांसाठी होतं. जुलैमध्ये आमची खोली तिशीला असते, पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्याची गोष्टच सोडा. गरम लाल वाईनमधून फक्त अल्कोहोल नाकात जातं. प्रोसेक्को आणि मोस्कातोला ६ ते ८ अंश, सोआव्हेला १० च्या आसपास, बार्बेराला १५-१६ आणि नेब्बिओलोला १७-१८ अंश, एवढं लक्षात ठेवा. थर्मामीटर नसेल तर पांढरी तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि उन्हाळ्यात लाल पाऊण तास. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घ्या. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही, त्यामुळे वेळ लागतो.

साधं बूच काढताना स्क्रू बरोबर मध्यभागी उभा रोवा. शेवटचं अर्धं वेटोळं बाहेर राहू द्या, म्हणजे बुचाचे कण आत पडत नाहीत. प्रोसेक्कोची तार सैल करायच्या आधीच अंगठा बुचावर ठेवा आणि तो काढू नका. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर, आणि बूच धरून बाटली फिरवा. आवाज फुस्स एवढाच आला पाहिजे.

नेब्बिओलोला हवा लागते. नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसं काही होत नाही, कारण बाटलीच्या मानेतून हवा जाणार किती? अर्धा तास आधी ती काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा.

पायरी ४: बघा, हुंगा, मग घोट घ्या

वेळ सकाळी अकराची किंवा जेवणाच्या आधीची निवडा. घरात त्याआधी फोडणी घालू नका. हिंग-मोहरीचा वास दोन तास हटत नाही, आणि नाकाला दुसरं काही कळू देत नाही. उदबत्ती, अत्तर, बडीशेप, नुकतेच घासलेले दात, हे सगळं टाळा.

ग्लासात ५० मिलिलिटरच ओता, म्हणजे तीन मोठे चमचे आणि वर थोडी. एका बाटलीत अशा पंधरा ओतण्या होतात, त्यामुळे सहा बाटल्या पाच-सहा मित्रांत वाटून घेतल्या तर खर्चही परवडतो.

बघणं. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. बार्बेरा गर्द जांभळट लाल दिसेल. नेब्बिओलो इतकी फिकी, विटकरी लाल असते की पाणी घातलंय की काय असं वाटावं. रंग फिका म्हणजे वाईन हलकी, हा समज नेब्बिओलो पहिल्याच घोटाला मोडते.

हुंगणं. आधी ग्लास न हलवता, मग टेबलावरच गोल फिरवून. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण पुस्तकांत ब्लॅकबेरी, व्हायोलेट, लिकोरिस अशी नावं असतात आणि आपण ती फळं-फुलं लहानपणी हुंगलेलीच नसतात. तुमच्या नाकात जे साठलं आहे तेच लिहा. माझ्या वहीत नेब्बिओलोपुढे ‘गुलकंद, उन्हात तापलेला डांबरी रस्ता, जेष्ठमध’ असं आहे. इथले जाणकार नेब्बिओलोला गुलाब आणि डांबरच म्हणतात, हे मला नंतर कळलं. सांजोव्हेझेपुढे ‘करवंद, ओली माती, थोडं चामडं’. सोआव्हेपुढे ‘कच्चा बदाम, नासपती’. मोस्कातोपुढे ‘संत्र्याचं फूल, पिकलेलं पीच’. आमारोने नावाची लाल वाईन चाखाल तेव्हा मनुका आणि खजूर आठवतील. ते बरोबरच आहे, कारण त्या वाईनची द्राक्षं तोडल्यावर काही महिने सुकवतात.

इथे एक सापळाही आहे. वाईनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला तर ती खराब बूच लागल्यामुळे बिघडली आहे. इथले लोक ‘सा दी ताप्पो’ म्हणतात, बुचाचा वास येतो. पिऊन अपाय होत नाही, पण त्या वाईनवरून काहीही शिकू नका. बाटली आणि बूच जपून ठेवा. माझ्या दुकानदाराने दोनदा बदलून दिली आहे.

घोट. घोट तोंडभर फिरवा आणि चार प्रश्न विचारा. गोड आहे का? आंबट किती, म्हणजे जिभेच्या कडांना पाणी किती सुटतं? तुरट किती, म्हणजे हिरड्या आणि ओठांची आतली बाजू किती ओढली जाते? घशात उष्ण किती? बस. आंबट आणि तुरट यांत नवख्या माणसाचा हमखास घोळ होतो, असं इथले शिक्षक सांगतात. आपल्याला ते सोपं जायला हवं. लहानपणापासून आपण सहा रस मोजतो, आणि त्यात तुरट वेगळा आहे. जांभूळ, आवळा, कच्चं केळं खाल्लेल्या तोंडाला टॅनिन समजावून सांगावं लागत नाही. फक्त नाव नवीन आहे.

आता दोन ग्लासांचं काम. बार्बेरा एका ग्लासात, नेब्बिओलो दुसऱ्यात, आणि आलटून पालटून घोट. दोन्ही एकाच टेकड्यांवरच्या. तिथला शेतकरी दक्षिणेकडचा चांगल्या उन्हाचा उतार नेब्बिओलोला देतो आणि बाकीच्या उतारांवर बार्बेरा लावतो. बार्बेरा आंबट आहे पण तुरट जवळजवळ नाहीच. नेब्बिओलो आंबटही आहे आणि तुरट भरपूर. एकेकटी प्यायल्यावर दोन्ही नुसत्या ‘लाल वाईन’ वाटतात. शेजारी ठेवल्या की पाच मिनिटांत फरक कळतो, आणि मग विसरत नाही.

पायरी ५: बशीतला प्रयोग

सगळ्यात जास्त मी या अर्ध्या तासात शिकले, म्हणून हा भाग सावकाश करा. ग्लासात सोआव्हे, बार्बेरा, नेब्बिओलो आणि मोस्कातो. समोर लिंबू, मीठ, मध, मिरची, तेल लावलेला ब्रेड आणि परमेजान. पद्धत एकच: एक घोट, मग चिमूटभर किंवा तुकडाभर पदार्थ, मग पुन्हा तोच घोट. मधे पाणी आणि ग्रिस्सिनी.

लिंबू चाटून सोआव्हे प्या. मघाशी तरतरीत वाटलेली वाईन आता पाणचट, बोथट लागेल. तेच लिंबानंतर बार्बेरा प्यायलात तर ती टिकून राहते, उलट गोलसर होते. म्हणून टोमॅटोच्या आंबट सॉसबरोबर स्वतः आंबट असलेली वाईन लागते: बार्बेरा किंवा सांजोव्हेझे. कमी आंबट वाईन तिथे मरते.

परमेजान खाऊन नेब्बिओलो प्या. तुरटपणा निम्मा होईल आणि फळाचा वास पुढे येईल. कोरा चहा तुरट लागतो आणि दूध घातलं की तो तुरटपणा जातो, तसंच हे. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं होतं. चीज किंवा मांस असलं की ते त्यातल्या प्रथिनांना पकडतं आणि तोंडाला सोडतं. मिठाचाही हात लागतो, वेगळं मीठ चाटून बघा.

तेलाचा ब्रेड आणि बार्बेरा. आंबटपणा तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतो. भज्यांबरोबर लिंबू पिळतो, त्यातलंच हे.

मध चाटून नेब्बिओलो प्या. एकच घोट पुरे. वाईन कडू, आंबट आणि रिकामी होते. आता मधानंतर मोस्कातो. ती तशीच राहते. म्हणून नियम असा की गोडाबरोबरची वाईन पदार्थाइतकी तरी गोड हवी. वाढदिवसाचा केक कापून त्याबरोबर ब्रुत प्रोसेक्को देण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यात केकही बिघडतो आणि प्रोसेक्कोही. ती आधी, खारट पदार्थांबरोबर द्या.

शेवटी मिरची. मिरचीनंतर नेब्बिओलो म्हणजे माझ्या त्या वाढदिवसाची पुनरावृत्ती: टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जाळ वाढवतात. त्याच मिरचीनंतर थंड मोस्कातो घ्या. साखर, गारवा आणि कमी अल्कोहोल यांमुळे जीभ शांत होते.

इथल्या सोमेलिए, म्हणजे वाईन वाढणाऱ्या जाणकारांच्या, संघटनेचे, म्हणजे १९६५मध्ये मिलानोत स्थापन झालेल्या ‘आइस’चे वर्ग हेच शिकवतात, फक्त शास्त्रशुद्ध तक्त्यांत. त्यांची सूत्रं दोन. गोडाला गोड, नाजूकाला नाजूक, दणकटाला दणकट, हा मेळ. स्निग्धाला आंबट किंवा बुडबुडे, रसदार मांसाला तुरट, हा विरोध.

पायरी ६: ताट वाढा

घरी जोड्या लावताना माझा पहिला आधार प्रांताचा असतो. ज्या मातीतला पदार्थ, त्या मातीतली वाईन. शेकडो वर्षं लोकांनी दोन्ही एकाच टेबलावर ठेवले आहेत, चुकणाऱ्या जोड्या कधीच गळून गेल्या.

आमच्या पिएमोन्तेत थंडीत बान्या काउदा होते: लसूण, खारवलेले अँकोव्ही मासे आणि ऑलिव्ह तेल मंद आचेवर विरघळवून केलेला गरम रस्सा. टेबलाच्या मध्यभागी पेटत्या दिव्यावर तो ठेवायचा आणि सगळ्यांनी कच्च्या-शिजवलेल्या भाज्या त्यात बुडवून खायच्या. तेल, मीठ, लसूण, सगळं भरपूर. याला तरुण बार्बेराच लागते. दोन घासांमध्ये ती तोंड स्वच्छ करते. नेब्बिओलोसाठी लोणी-परमेजानचा मशरूम रिझोत्तो, नाहीतर ब्राझातो, म्हणजे वाईनमध्ये तासन्‌तास शिजलेलं मांस.

किआन्ती क्लास्सिकोबरोबर टोमॅटो घातलेलं जवळजवळ काहीही चालतं. तोस्कानाची रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव, पांढरा राजमा आणि काळी कोबी यांचं घट्ट सूप, स्वस्त आणि शाकाहारी आहे. त्यावर कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार सोडा. नवख्यांसाठी याहून सोपी जोडी मला माहीत नाही.

पेस्तोबरोबर, म्हणजे बेसिल-लसणाच्या हिरव्या चटणीबरोबर, लाल वाईन नको. तुळशीच्या जातीतली ती पानं आणि लसूण टॅनिनशी भांडतात. पेस्तो लिगुरियाचा, तर वाईनही तिथलीच व्हेर्मेन्तीनो, पांढरी, किंचित खारट. सोआव्हेबरोबर मटारचा भात, व्हेनेतोचा रिझी ए बिझी. एमिलियाच्या चरबीदार थंड मांसाला आणि परमेजानला लाम्ब्रुस्को, थंडगार फेसाळ लाल. फक्त लेबलावर ‘सेक्को’ बघून घ्या, नाहीतर गोड हाती येईल. पिझ्झा मार्गेरिताला नापोलीजवळची ग्रान्यानो, तीही फेसाळ लाल.

हेझलनटच्या केकबरोबर मोस्कातो. काळ्या चॉकलेटला बारोलो किनातो, म्हणजे सिंकोनाची साल आणि मसाले मुरवलेली गोडसर-कडू बारोलो. जेवणानंतर छोट्या ग्लासात.

काही पदार्थांपुढे वाईन हरते. आर्टिचोक खाल्ल्यावर वाईन विचित्र गोड, धातूसारखी लागते. व्हिनेगर घातलेल्या सॅलडबरोबर पाणीच प्या.

आपल्या ताटाचं काय? एवढ्या वर्षांत माझ्या घरी टिकलेल्या जोड्या तीनच. कोथिंबीरवडी किंवा बटाटेवडा, लसणाची चटणी बाजूला ठेवून, ब्रुत प्रोसेक्कोबरोबर. शेंगदाण्याच्या कुटाची, गोडा मसाल्याची भरली वांगी लाम्ब्रुस्को सेक्कोबरोबर. आणि श्रीखंडाबरोबर मोस्कातो, पण श्रीखंडात साखर कमी हवी. कोल्हापुरी रश्शाला मी वाईन लावत नाही. त्याला सोलकढी आहे.

पायरी ७: दोन संध्याकाळी, आणि उरलेल्या बाटल्या

सहाही बाटल्या एका दिवशी उघडू नका. पहिल्या संध्याकाळी प्रोसेक्को, सोआव्हे, मोस्कातो. दुसऱ्या संध्याकाळी बार्बेरा, किआन्ती, नेब्बिओलो. क्रम नेहमी फेसाळ, पांढरी, लाल, गोड असाच, आणि हलक्याकडून जडाकडे. बशीतला प्रयोग दुसऱ्या दिवशी करा, पहिल्या दिवशीची सोआव्हे आणि मोस्कातो थोडी राखून.

उरलेल्या बाटल्या बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, लालसुद्धा. पांढरी दोन-तीन दिवस, लाल तीन-चार दिवस बरी राहते. नेब्बिओलो दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त छान लागते, तेही वहीत लिहा. प्रोसेक्कोचा फेस टिकवायला कडीचं खास बूच मिळतं. चमचा उलटा खोचून काही उपयोग होत नाही. चार दिवसांपुढची बार्बेरा कांदा-टोमॅटोच्या सॉसमध्ये जाते.

आणि तळाशी राहिलेल्या मोस्कातोचं, ज्यांना अंडं चालतं त्यांनी, झाबायोने करावं. अंड्याचा पिवळा बलक एक, साखर एक मोठा चमचा, मोस्कातो दोन मोठे चमचे, हे एका माणसाचं माप. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवा, तळ पाण्याला टेकू देऊ नका, आणि फुलून साईसारखं घट्ट होईपर्यंत सतत घोटत राहा. पाच-सात मिनिटं लागतात. हात थांबला तर अंडं फाटतं. गरम असतानाच वाट्यांत ओता.